शिवणीत गेलेला समुद्र

ता. ३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. डोळ्यात मोतीबिंदू वाढलाय, डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, आणि घरी सोबतीला माणूस असल्याशिवाय हॉस्पिटल तारीख द्यायला तयार नाही, तेव्हा वहिनी, तू ये, एवढं चार ओळींत लिहून तू मोकळी झालीस. पुढची दोन पानं घरमालकिणीच्या मांजरावर. तुझे दादा असते तर म्हणाले असते, हिला महत्त्वाचं काय ते लहानपणापासून कळलं नाही. मी तसं म्हणत नाही. मला ते मांजर आवडलं.

येण्याचं म्हणशील, तर मी आधी अंतर मोजायचं ठरवलं. सध्या शाळेच्या वाचनालयाचा एक मोठा नकाशासंग्रह बांधणीला आलाय. पार उसवलेला आहे, पानं हातात येतात. जगाचा नकाशा समोरासमोरच्या दोन पानांवर आहे. उजव्या पानावर आम्ही, डाव्या पानावर तू, मधे समुद्र, आणि समुद्राच्या बरोबर मधोमध पुस्तकाची शिवण. मी मेण लावलेला दोरा घेतला आणि आपल्या गावापासून तुझ्या गावापर्यंत ताणला. दुसरं कुणी तेवढ्यावर थांबलं असतं. पण पानं शिवताना किती कागद आत जातो ते मला ठाऊक आहे. म्हणून शिवणीत गेलेल्या समुद्रापोटी मी अंगठाभर दोरा वाढवून धरला. खाली छापलेल्या मापाने हिशोब केला आणि जो आकडा आला तो बघून मी खुर्चीवर बसले.

मग तिकीट कचेरीत गेले. तिथे काचेमागे एक सभ्य माणूस बसतो. त्याने सांगितलेलं अंतर माझ्यापेक्षा कितीतरी कमी. मी त्याला समजावून सांगितलं की तुमच्या लोकांनी शिवणीतला समुद्र धरलेला दिसत नाही. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पाणी हवं का असं विचारलं.

तेव्हा सध्या घोडं इथे अडलंय. खरा आकडा कुठला ते कळल्याशिवाय मी पाऊल उचलायची नाही. विमानवाल्याने कमी अंतराचं पेट्रोल भरलं आणि उरलेला समुद्र आम्ही पोहून जायचा, असं व्हायला नको. मला पोहता येत नाही. पोहण्यावरचं एक पुस्तक मागे बांधलं होतं, पण गिऱ्हाईक घाईत होतं, त्यामुळे मला फक्त तरंगण्यापर्यंतचं माहीत आहे.

डोळ्याला जप. मांजराला विचारलं म्हणून सांग. लोभ आहे तेवढा राहू दे, कमी पडला तर कळवीन.

तुझी
वहिनी


ता. २२ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी कामाच्या टेबलावर भिंगाखाली धरून वाचलं. ते भिंग खरं तर कवळीतल्या दातांच्या कडा बघायला असतं. शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, आज कुठली कवळी तुला एवढं हसवतेय. मी सांगितलं, माझी वहिनी समुद्र शिवायला बसलीय.

अगं, नकाशा म्हणजे गोल वस्तूचं साल काढून पाटावर दडपलेलं. साल दडपलं की कुठेतरी ताणलं जाणारच. त्यामुळे सपाट कागदावर तुझा दोरा लांब भरला, आणि त्यावर तू पदरचा अंगठा घातलास. आधीच का आपण कमी लांब राहतो, की तू परस्पर अंतर वाढवून ठेवलंस?

आता मी सांगते तसं कर. बाजारातून एखादं गोल फळ आण. दोन्ही गावं त्यावर शाईने काढ, दोन्ही वरच्या अर्ध्यात, एक या अंगाला आणि एक जवळजवळ पलीकडच्या अंगाला. मग तुझा दोरा ताण आणि काय होतं ते मला लिही. तिकीट कचेरीतल्या माणसाला त्रास देऊ नकोस. उद्या तूच त्याच्याकडे तिकीट मागायला जाणार आहेस.

इकडची बातमी म्हणजे एका निवृत्त बँडवाल्याच्या कवळीत मी एक दात बाकीच्यांपेक्षा पिवळा बसवला. मला सगळे सारखेच दिसत होते. त्याने आरशात पाहिलं, ओठ इकडेतिकडे ताणले आणि म्हणाला, आता कुठे हे तोंड माझं वाटतंय. मी वाचले. पण सगळी गिऱ्हाइकं बँडवाली नसतात.

सोबतीला घरमालकीणबाई तयार आहेत. अडचण एवढीच की त्यांना माझ्याहून कमी दिसतं. डोळ्यात घालायचे थेंब त्या निष्ठेने माझ्या कानात घालतील. म्हणून पुन्हा विचारते, येतेस ना? या वेळी मांजर मुद्दाम शेवटी ठेवलंय आणि आता त्याला जागा उरलेली नाही.

तुझा आशीर्वाद इतक्या लांबून येतो तरी उबदार असतो, तो तसाच येत राहू दे.

तुझी
भिंगरी


ता. १४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी कलिंगड आणलं. फळवाल्याला म्हटलं, गोड नसलं तरी चालेल, गोल पाहिजे. त्याने मला दहा ठोकून दाखवली. मी सगळी हातात धरून फिरवून पाहिली, तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला.

घरी येऊन त्यावर दोन ठिपके काढले. तुझा ठिपका जरा मोठा काढला, तू अंगाने भरली असशील असं धरून. दोऱ्याचं एक टोक तुझ्यावर टाचणीने खोचलं, दुसरं माझ्यावर, मधे समुद्र होता तिथून दोरा आडवा नेला आणि ताणला. भिंगरे, दोरा जागेवर राहीना. ताणला की आपला आपण वर सरकायचा. खाली दाबून धरला तर ढिला पडायचा, सोडला की पुन्हा वर. शेवटी मी त्याला त्याच्या मनाप्रमाणे जाऊ दिलं, तर तो सरळ देठाजवळून निघाला. म्हणजे तुझ्याकडे यायचा जवळचा रस्ता समुद्रावरून आडवा नाहीच. वर बर्फाच्या मुलखातून जाऊन पलीकडे उतरायचं. इतकी वर्षं मी तुझी कल्पना पाण्यापलीकडे करत होते. ह्यांना हे सांगायला हवं होतं. तू निघालीस त्या दिवशी हे दिवसभर पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळत बसले होते आणि म्हणत होते, पोरगी समुद्र ओलांडून गेली.

मग मी पुन्हा तिकीट कचेरीत गेले आणि त्या माणसाला सांगितलं की तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. त्याला इतका आनंद झाला की त्याने भिंतीवरचा विमानरस्त्यांचा नकाशा मला उतरवून दाखवला. त्यावर तुझ्याकडे जाणारी रेघ धनुष्यासारखी वर वळलेली आहे. मागच्या खेपेला मला वाटलं होतं की वैमानिकाची सासुरवाडी तिकडे वर असेल.

तेव्हा अंतराचा प्रश्न मिटला. पण आता बर्फाचा आला. माझ्याकडे लोकरीचं काही नाही. शिवाय शाळेचं काम अर्धवट आहे, जगाचे वीस-एक देश सुटे पडलेत. आणि तो माणूस सांगतो, जायला येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. अंतर तेवढंच, पण वाऱ्यामुळे. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीशी. मला हे काही न्यायाचं वाटलं नाही.

कलिंगड गोड निघालं. तुझ्या बाजूचं मी आधी खाल्लं.

माया आहेच. पत्राचं उत्तर मोठ्या अक्षरात लिही, तुझ्या ओळी हल्ली उजवीकडे खाली उतरतात.

तुझी
वहिनी


ता. २ एप्रिल

ती. वहिनीस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

ओळी उतरतात कारण मला रेघ दिसत नाही. आता मोठं लिहितेय, तरी गोड मानून घे.

आज चेष्टा थोडी बाजूला ठेवते, म्हणजे पूर्ण नाही, पण बाजूला. साहेबांनी मला दात बसवण्याच्या कामावरून काढून साच्यांचं प्लास्टर कालवायला बसवलंय. ते रागावले नाहीत. मी एका बाईच्या कवळीत दाढ उलटी बसवली होती, आणि ते मला न सांगता स्वतः नीट करून आले, हे जास्त लागलं. मी आयुष्यात एकच काम धड शिकले. डोळा उघडला तर ते पुन्हा हातात येईल. नाहीतर मी उरलेली वर्षं बादलीत पळी फिरवत बसणार.

डॉक्टर म्हणतात, आणखी लांबवू नका. तू आधी समुद्र मोठा करून ठेवलास, तो मी काढून दिला. मग तू बर्फ आणलास. बर्फ विमानाच्या खाली असतो, वहिनी, आत नसतो. लोकरीचं माझ्याकडे दोघींना पुरेल एवढं आहे. वीस देश सुटे पडले असतील तर पडू देत. आता वाऱ्यालाही तू नावं ठेवायला लागलीस. उद्या लिहिशील, चंद्र आडवा येतो.

खरं काय ते लिही ना. यायचं नसेल तर तसं लिही, मी इथे पगारी बाई ठेवीन आणि रागावणार नाही. थोडीशी रागावेन, पण तुला कळू देणार नाही. एक विचारते, बरेच दिवस मनात आहे. दादाच्या वेळी मी वेळेवर पोचले नाही, ते तुझ्या मनात आहे का? असेल तर त्याची शिक्षा म्हणून ये, आणि इथे येऊन मला बोल. लांबून बोललेलं मला नीट ऐकू येत नाही.

लोभ असावा. तो मागायची पाळी आपल्यात कधी आली नव्हती, आज आली.

तुझी
भिंगरी


ता. २१ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न आधी. नाही. ते माझ्या मनात कधीच नव्हतं. ह्यांना जायला एक दुपार लागली. तुला यायला त्याहून जास्त वेळ लागणारच होता, नकाशा सपाट असो की गोल. तू पोचलीस तेव्हा भेटायला येणारी माणसं येऊन गेली होती आणि घरभर उष्टे कप पडले होते. तू बॅग न उघडता मोरीशी उभी राहिलीस आणि कप विसळायला लागलीस. मी पुसत गेले. त्या दिवशी जे येऊन बोलून गेले त्यांतलं मला एक वाक्य आठवत नाही. ते कप आठवतात. तेव्हा हा विषय पुन्हा काढलास तर मी खरंच रागावेन आणि तुला कळू देईन.

खरं काय ते लिहायला तू सांगितलंस. दोन दिवस कागद पुढे घेऊन बसले. मला विमानाची भीती नाही. तुझी सेवा करायचा कंटाळा नाही. तिथे मला काही येणार नाही, बोलता येणार नाही, याचीही भीती नाही. मला गप्प बसता येतं. भीती परत येण्याची आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं घर आणि दुकान एकच. खाली काम, मागे स्वयंपाकघर, वर झोपायचं. कागदवाल्याकडून आले, दवाखान्यातून आले, माहेराहून आले, तर मी घंटी वाजवायची आणि दार आतून उघडायचं. हे घरात असायचेच. बाहेरून आपल्याच घराचं कुलूप काढून आत जायची मला कधी वेळच आली नव्हती. हे गेल्यावर ती आली. किल्ली फिरवायची, दार ढकलायचं, आणि आत आपण ठेवून गेलो तसंच सगळं असतं. सुई जिथे टोचली तिथेच. पेला उपडा होता तर उपडाच.

म्हणून मी हल्ली लांब जात नाही. बाजारात जाते ती दिवा लावून आणि रेडिओ चालू ठेवून, म्हणजे परत आल्यावर घरात कुणीतरी बोलत असतं. मागे एकदा वीज गेलेली होती. मी दार उघडलं आणि तशीच परत फिरून समोरच्या शिंप्याकडे जाऊन बसले. त्याला वाटलं, परकर शिवायला टाकायचाय. टाकला.

तुझ्याकडे आले तर महिना दीड महिना तरी राहावं लागेल. एवढे दिवस रेडिओ चालू ठेवून कुणी जातं का? तो माणूस म्हणाला, येताना वारा पाठीशी असतो, लवकर पोचाल. मी त्याच्यावर चिडून घरी आले. बिचाऱ्याचा काय दोष. मला लवकर पोचायचं नव्हतं.

हे वाचून मला भित्री म्हणशील तर म्हण. पण पगारी बाई ठेवू नकोस. मला आणखी थोडे दिवस दे, मी मनाची तयारी करते.

जपून राहा. तुझ्यावाचून हे लिहायला मला दुसरं कुणी नाही, एवढं लक्षात असू दे.

तुझी
वहिनी


ता. १० मे

ती. वहिनीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी भिंगाने वाचलं, मग शेजारच्या बाईच्या चष्म्याने वाचलं, आणि मग नुसतंच हातात धरून बसले.

माझं एक सांगायचं राहिलंय. कप विसळून मी गेले, त्यानंतर मी तरी कुठे परत आले? सुट्टी नाही, तिकीट मिळत नाही, थंडीत प्रवास नको, उन्हाळ्यात गर्दी असते, असं मी लिहीत राहिले. तू प्रत्येक वेळी उत्तर पाठवलंस की बरं, पुढच्या वर्षी. दादा नसलेलं ते दुकान मला पुन्हा बघवणार नव्हतं. तू माझ्या सबबी कधी मोजल्या नाहीस. मी मात्र तुझ्या समुद्रापासून वाऱ्यापर्यंत सगळ्या मोजत बसले.

तर मी काय ठरवलंय ते ऐक. मी डॉक्टरांना विचारून आले. डोळ्याची जखम भरून आली की विमानात बसायला हरकत नाही म्हणाले. मी साहेबांकडे रजा टाकलीय, प्लास्टर कालवायला माझ्यावाचून अडत नाही. तू इकडे ये, माझ्या डोळ्यात थेंब घाल, मला वाकू देऊ नकोस, आणि परत जाताना आपण दोघी जायचं.

गाडी आपल्या गल्लीच्या तोंडाशी थांबवायची. तू तुझ्या त्या शिंप्याकडे बॅगा घेऊन बसायचं. हवा तर आणखी एक परकर टाक. किल्ली मी घेणार. कुलूप मी काढणार, आत मी जाणार. बंद घराचा जो काही पहिला वास असेल, उपडा पेला असेल, टोचलेली सुई असेल, ते आधी मी बघेन. खिडक्या उघडेन, दिवे लावेन, चहाचं आधण ठेवेन आणि आतून कडी घालेन. मग तू ये आणि घंटी वाजव. मी दार उघडेन.

लोकांना वाटेल, एकीचा डोळा गेलाय आणि दुसरीचं डोकं. वाटू दे. मला त्या घरात एकटीने पाय टाकायला भीती वाटते हे खरं. पण दारापलीकडे तू उभी आहेस असं माहीत असलं तर मला जमेल. तुलाही बाहेर उभं राहायला जमेल असं वाटतं. नाही जमलं तर शिंपी आहेच.

यावर तुझ्याकडे काही सबब शिल्लक असेल तर उलट टपाली पाठव. हॉस्पिटलला मी अजून कळवलेलं नाही, पण फोन हाताशी घेऊन बसलेय.

तुझा हात डोक्यावर असू दे, आणि आता जरा जवळून असू दे.

तुझी
भिंगरी


ता. २८ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हॉस्पिटलला कळव. मी तिकीट काढलं. सोबतच्या चिठ्ठीवर विमानाची वेळ त्या माणसाच्या सुवाच्य अक्षरात लिहिली आहे, घरमालकीणबाईंकडून वाचून घेऊ नकोस. त्याने मला खिडकीची जागा दिली आणि म्हणाला, शिवण कुठे दिसली तर कळवा. माणूस दिसतो तेवढा साधा नाही.

शाळेचा नकाशासंग्रह बांधून दिला. वाचनालयातल्या बाईंनी उघडून पाहिला आणि म्हणाल्या, आधीपेक्षा छान उघडतो. उघडणारच. जगाचं पान मी या वेळी मधे कागदाची पट्टी लावून शिवलंय, मधला समुद्र आता पुरता दिसतो. तसा तो आपल्या वाटेत नाही, पण कुणाच्या तरी असेल.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रेडिओ न लावता बाजारात जाऊन आले. फार काही थोर वाटलं नाही. भाजी घेऊन आले, एवढंच. पण आले.

तू सांगतेस तसं करू. किल्ली तुला देईन. कुलूप जरा उजवीकडे दाबून मग फिरवावं लागतं, ते आठवत असेल. खिडक्यांपैकी मागची उघडू नकोस, तिचा खिळा निसटलाय. चहाचं आधण ठेव, पण पत्ती मी आल्यावर घाल, तुझा चहा मला माहीत आहे.

फक्त एक अट आहे आणि ती मोडायची नाही. घंटी वाजली की लगेच दार उघडू नकोस. हे कधी लगेच उघडत नसत. हाताला खळ लागलेली असायची, नाहीतर प्रेसचा स्क्रू अर्धा पिळलेला असायचा आणि तो तसा सोडला तर पुठ्ठा वाकडा बसतो. आतून आलो आलो म्हणून ओरडायचे आणि येत काही नसत. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दारात उभी, बोटांना वळ पडायचे, आणि बाहेरून मी ह्यांना जे बोलायचे ते अख्ख्या गल्लीला पाठ आहे. ते बोलून किती दिवस झाले. तू पहिल्या घंटीला दार उघडलंस तर मला वाटेल, मी दुसऱ्याच कुणाकडे आले.

तेव्हा आत गेलीस की बस, पाणी पी, डोळ्याला हात लावू नकोस. मी दुसरी घंटी वाजवेन, तिसरी वाजवेन. मग तोंड सुटेल. मी पुरेशी चिडले असं वाटलं की मगच कडी काढ.

लोभ असू दे, मी चिडलेली असतानाही.

तुझी
वहिनी